कोळसा चाटणारे जवाईबुवा

आमचे जवाईबुवा कोळसा चाटून पाहत असत.

माणसं लोणचं चाटतात, बोटाला लागलेलं श्रीखंड चाटतात, फार तर पाकीट चिकटवायला त्याची कड चाटतात. जवाईबुवा भर दुकानात, चार गिऱ्हाइकांच्या देखत, पिशवीतला कोळशाचा तुकडा काढत, शर्टाच्या बाहीला पुसत आणि जिभेचं टोक त्याला लावत. जीभ चिकटली की त्यात माती कालवलेली. यवतमाळच्या एका चकाचक दुकानात त्यांची जीभ एका विकतच्या कोळशाला अशी चिकटली की सुटेचना. मी मागून खांदे धरून ओढले, दुकानदारानं पुढून कोळसा ओढला, आणि बाटलीचं बूच निघावं तसा आवाज होऊन आम्ही तिघं तीन दिशांना पडलो. जिभेवर काळा गोल शिक्का घेऊन जवाईबुवा उठले आणि म्हणाले, "हा कोयसा नाही, वीट हाय. संडास बांध याचा." तो शिक्का पुढच्या पोळ्यापर्यंत टिकला होता. ज्यांना खोटं वाटत असेल त्यांनी ताईला विचारावं.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, आणि जवाईबुवा तिचे यजमान. बाभुळगावात एका जिनिंगमध्ये कापसाचे ग्रेडर म्हणून आले, आमच्या ताईला पसंत केलं आणि गावातच, आमच्या शेजारी घर करून राहिले. कोणी घरजवाई म्हटलं की त्यांच्या नाकपुड्या फुगत. "मी घरजवाई नाही. मी गावचा जवाई हाय," असं ते ठणकावून सांगत. याचा अर्थ असा, की सासऱ्याच्या घरानं जवायाचा जो मान ठेवायचा तो अख्ख्या बाभुळगावानं ठेवावा. आणि गावानं तो ठेवला. चहाच्या टपरीवर त्यांच्यासाठी खुर्ची पुसून ठेवलेली असे. न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेला माणूस उठून त्यांना जागा देई आणि उरलेल्या अर्ध्या दाढीनिशी बाहेर उभा राही. जवायाला उलटून बोलायचं नाही हा आमच्याकडचा रिवाज. त्या रिवाजाचा इतका पुरेपूर वापर करून घेणारा माणूस अमरावती विभागात दुसरा झाला नसेल. मी तर सख्खा साळा. साळ्यानं ऐकून घ्यायचं असतं, आणि मी ते लहानपणापासून ऐकून घेतलं.

जन्मभर त्यांनी एकच काम केलं होतं. शेतकरी कापसाची गाडी घेऊन आला की गाडीत हात खुपसायचा, मूठभर कापूस काढायचा, दोन चिमटीत धरून धागा ओढायचा, नाकाला लावून ओल हुंगायची आणि ग्रेड सांगायची. कागदावर ग्रेडी काय असतील त्या असोत, तोंडात तीनच होत्या. फालतू, बेकार आणि चालते. यातली 'फालतू' सगळ्यात खालची, 'बेकार' मधली आणि 'चालते' म्हणजे स्वर्ग. हीच मापं त्यांनी घरीही आणली. पोराचा दहावीचा निकाल बेकार. सरकार फालतू, आधीचं सरकारही फालतू. मी त्यांच्या लग्नात करवला होतो, डोक्यावर फेटा, डोळ्यांत काजळ. माझ्याकडे पाहून त्यांनी जी 'फालतू' दिली ती आजतागायत बदलली नाही. ताईच्या हातच्या वांग्याच्या भाजीला मात्र एकदा 'चालते' म्हणाले. ताईनं त्या दिवशी गावात पेढे वाटले असं मी म्हणत नाही, पण ती वाटायला निघाली असती तर मी अडवलं नसतं.

पण त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. स्वतःच्या शेतातला कापूस जिनिंगवर आला की ते पाठ फिरवून उभे राहत. "ग्रेडरनं आपल्या मालाची ग्रेड काढू नाही. ते दुसऱ्यानं काढाव, अन् आपन मान खाली घालून ऐकाव." दुसऱ्या ग्रेडरनं त्यांच्या कापसाला फालतू म्हटलेलं मी या कानांनी ऐकलं आहे. जवाईबुवांनी मान खाली घालून ऐकलं, आणि घरी येऊन त्या ग्रेडरच्या सात पिढ्यांची ग्रेड काढली.

निवृत्त झाल्यावर त्यांचे हाल सुरू झाले. नावं ठेवायला कापूस नाही. सकाळचा पेपर किती वेळ फालतू म्हणणार, तो अर्ध्या तासात संपतो. ओट्यावर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याच्या चपला हुंगतील की काय अशी मला भीती वाटू लागली. आणि नेमका त्याच सुमारास आमच्या जिल्ह्याला बार्बेक्यू झाला.

झाला म्हणजे डेंग्यू होतो तसा. आधी एकाला झाला, मग गल्लीत पसरला. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या वांगी भाजली, कणसं भाजली, हुरडा भाजला, कोंबडं भाजलं, आणि कोणाला काही सांगितलं नाही. आता गच्चीवर तीन पायांचा एक पत्र्याचा टोप ठेवायचा, त्याचा फोटो काढायचा, आणि पनीरचे चार तुकडे सळईला टोचून असे उभे राहायचे जसा काही वाघ मारला आहे. पनीर आतून थंड, बाहेरून काळं, आणि खाणारा म्हणतो, स्मोकी आहे. आमची आजी याला करपलं म्हणायची.

माझा भाचा, म्हणजे जवाईबुवांचा मुलगा, पुण्याला संगणकावर काहीतरी करतो. काय करतो ते मला त्यानं तीनदा समजावलं, आता विचारायची लाज वाटते. त्यानं दिवाळीला येताना असा एक टोप आणला आणि सोबत ब्रिकेटची पिशवी. ब्रिकेट म्हणजे कोळशाचा चुरा करून, त्यात खळ घालून, दाबून केलेल्या वड्या. इवल्याइवल्या उशांसारख्या, एकसारख्या, जशा काही बाहुल्यांना झोपायला केल्या आहेत. जवाईबुवा कोपऱ्यात मेल्यासारखे बसले होते. त्यांनी एक वडी उचलली. दुसरीवर आपटली. कानाशी नेली. हुंगली. चाटली. आणि माणसात धुगधुगी यावी तसे डोळे उघडून म्हणाले, "फालतू."

ताई स्वयंपाकघरातून धावत आली. "अवो, काय म्हन्लं तुमी?"

"फालतू म्हन्लं. माती हाय यात. अन् दगडी कोयसा. कोंबडीले रेल्वेचा वास येईन."

ताईनं पदरानं डोळे पुसले. माणूस परत आला होता.

त्यानंतर आमच्या अंगणात जे सुरू झालं त्याला जवाईबुवा 'तुलना' म्हणत आणि ताई 'नास' म्हणे. भारतात जिथं जिथं कोळसा विकतात तिथून तिथून पिशव्या आल्या. अंगणात सहा चुली मांडल्या, सहा ढीग पेटवले, प्रत्येकावर एकेक वांगं. कुरिअरवाला आमच्या घराकडे वळताना नाकाला रुमाल बांधी. बाभळीचा लाकडी कोळसा लवकर पेटे, पण ठिणग्या अशा उडवी की समोरच्या पोरींनी ओढण्या वाळत घालणं सोडलं. आणि कोंबडी अर्धी शिजली की हा राख होऊन मोकळा. "पुढाऱ्यावानी हाय," जवाईबुवा म्हणाले. "आवाज लय, टिकत नाही." भुशाच्या, मधे भोक असलेल्या लांब कांड्या टिकत छान, पण पेटायला माणसाचं आयुष्य जाई. काडी लावताच पेटणारी एक जात होती, तिला औषध चोळलेलं होतं. तिच्यावरचं वांगं खाल्ल्यावर मला ढेकरेत रॉकेल आलं आणि मी दोन दिवस बिडीच्या जवळ गेलो नाही.

नारळाच्या करवंटीच्या कोळशाचे चौकोनी तुकडे मात्र आले तेव्हा जवाईबुवांची पंचाईत झाली. धूर नाही, वास नाही, आच एकसारखी, राख चिमूटभर आणि पांढरीशुभ्र. त्यांनी तो तुकडा इकडून चाटला, तिकडून चाटला. जीभ चिकटेना. शेवटी म्हणाले, "बेकार."

"काहून बेकार? काय खोट आहे यात?" मी विचारलं.

"खोट नाही हेच खोट हाय. याले चवच नाही. हा सुईवानी माल हाय, दवाखान्यातला. नारय कोठचा, तं समुद्राकडचा. आपल्या कोंबडीले त्याची बोली समजन काय?"

मग त्यांनी 'स्मोकर' केला. भाजणं वेगळं आणि धुरावर शिजवणं वेगळं, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. धुरावरच्या शिजवण्याला आच मंद हवी आणि बंद पेटी हवी. पेटी म्हणून त्यांनी आमचा जुना कूलर घेतला. उन्हाळ्यात ज्यानं घर थंड केलं तो पत्र्याचा डबा, त्यात खाली कोळसे, वर तारेला उलटी टांगलेली कोंबडी. इथवर ठीक होतं. पण धूर फिरला पाहिजे म्हणून त्यांनी पंखा सुरू केला. कूलरला तीन बाजूंनी वाळलेल्या गवताच्या ताट्या असतात हे ते विसरले. कूलर पेटला, पंख्यानं त्याला वारा घातला, आणि कोंबडी तार तोडून जी सुटली ती तहसीलच्या आवारात सापडली असं लोक म्हणतात. मी स्वतः तिला फक्त चौकापर्यंत जाताना पाहिलं. कूलरच्या राखेसमोर उभं राहून जवाईबुवा म्हणाले, "आच चांगली होती, कोयसा फालतू होता."

आणि मग ते वाक्य आलं ज्याला मी घाबरत होतो. "साळेबुवा, आता आपनच बनवाव लागते."

कशाचा बनवणार, तर पऱ्हाटीचा. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहणारी वाळकी काडी. आमच्या जिल्ह्यात ती इतकी, की बाया चुलीत घालतात, कुंपणाला लावतात, तरी उरते आणि शेतकरी बांधावर जाळून टाकतो. "जनमभर कापसाले शिव्या देल्ल्या," जवाईबुवा म्हणाले, "आता त्याच्या काड्याचं भलं करतो." लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका ओळखीच्याची शेड रिकामी पडली होती, ती त्यांनी घेतली. ड्रममध्ये पऱ्हाटी कोंडून जाळायची, कोळसा झाला की कुटायचा, खळ घालून भिजवायचा, साच्यात दाबायचा आणि उन्हात वाळवायचा. स्कूटरवर मागे मी. जाताना माझा शर्ट पांढरा, येताना काळा. कपडे वाळत घातले की ताई म्हणे, "तुमी दोघं दोरीवर सुकत घाला आता, कपडे कायले धुवू?"

पहिली खळ त्यांनी ज्वारीच्या आंबिलीची केली, चव यावी म्हणून वर गूळ. वड्या सुरेख झाल्या. उन्हात मांडल्या, आम्ही चहाला गेलो, आलो तर लोहाऱ्याच्या सगळ्या गाई शेडसमोर. एकही वडी शिल्लक नाही. गाई काळी तोंडं करून समाधानानं रवंथ करत होत्या. त्यातल्या एका गाईनं त्या संध्याकाळी जे दूध दिलं ते चहापत्ती न टाकताच चहासारखं होतं. मालकीण तक्रार घेऊन आली, तर जवाईबुवांनी तिलाच विचारलं, "दुधाले जळका वास येते काय? येते ना? मंग कोयसा चांगला हाय."

गाई रोज येऊ लागल्या. हाकलून थकलो. शेवटी जवाईबुवांनी असा विचार केला जो फक्त तेच करू शकत. गाय खाणार नाही अशी खळ कोणती? जी गाईच्याच पोटातून आलेली आहे ती. त्यांनी आंबील बंद केली आणि शेण सुरू केलं. गाई आल्या, त्यांनी हुंगलं, आणि अपमान झाल्यासारख्या निघून गेल्या. वड्या दगडासारख्या टणक झाल्या. एकमेकींवर आपटल्या की खणखण वाजत. आच नारळाच्या तुकड्याच्या तोडीस तोड, टिकाऊपण त्याच्याहून सरस. चाटली तर जीभ चिकटत नव्हती. अर्थात चाटली त्यांनीच, मी नाही.

मी फक्त एवढं विचारलं, "जवाईबुवा, पेटवल्यावर शेणाचा वास येणार नाही काय?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं ओल्या कापसाच्या गाडीकडे पाहत. "वासाचं तू मले सांगतं? मी नाकानं कापसाची ओल सांगलेला मानूस. तुह्यं नाक चष्मा ठेवायले हाय, साळेबुवा. त्याच्यावर चष्मा ठेव अन् चूप राह्य."

मी चष्मा ठेवला आणि चूप राहिलो. दिवसभर शेणात हात असलेल्या माणसाला शेणाचा वास येत नाही, आणि कोणाची तक्रारच ऐकायची सवय नसलेल्या माणसाला दुसऱ्याचं नाक दिसत नाही. जवाईबुवांच्या ठायी दोन्ही गुण एकत्र आले होते.

या सगळ्यात पुण्याहून फोन येत होतेच. माझ्या भाच्यानं फ्लॅटमधली एक खोली आईबापांसाठी रंगवून ठेवली होती. "बाबा, या वयात हा काय काळा धंदा लावला? या इकडं." जवाईबुवा त्या फ्लॅटला एकदा जाऊन आले होते आणि आठव्या मजल्यावरून खाली पाहून म्हणाले होते, "येथून मानूस हुंगूच येत नाही." पण या वेळी ताईही पोराच्या बाजूची झाली. तिला दमा नव्हता, पण होईल असं तिला वाटू लागलं होतं. शेवटी ठरलं असं. आर्णी रोडवर राठोडसेठचं नवीन गार्डन रेस्टॉरंट निघालं होतं, झाडाखाली झोपड्या, मधे बार्बेक्यूची जागा. त्यांनी जवाईबुवांचा कोळसा कायमचा घेतला, तर शेड चालू आणि म्हातारा-म्हातारी बाभुळगावात. नाही घेतला, तर शेडला कुलूप आणि दोघं पुण्याला. जवाईबुवा या कराराला तयार झाले कारण हरण्याची शक्यता त्यांना दिसतच नव्हती. मी मात्र त्या रात्री देवाला हात जोडले. काय मागितलं ते सांगत नाही, कारण मी दोन्ही मागितलं.

राठोडसेठ मूळचे आर्णीकडच्या तांड्यावरचे. त्यांचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुख तुडवत, आणि सेठ आता ताटं लादलेले वेटर तुडवतात. माणूस मोठ्या मनाचा. परीक्षेच्या दिवशी दुपारी त्यांनी तीन जाळ्या मांडून ठेवल्या. एकीखाली बाभळीचा कोळसा. दुसरीखाली नारळाचे तुकडे, ते घेऊन नागपूरहून टाय घातलेला एक पोरगेला एजंट आला होता. यवतमाळच्या उन्हात टाय घालणाऱ्याची ग्रेड जवाईबुवांनी गाडीतून उतरतानाच काढली. तिसरीखाली आमच्या वड्या. ताई आणि मी प्रेक्षकांत. सेठची म्हातारी आई, जिला सगळा तांडा याडी म्हणतो, मागे लिंबाच्या सावलीत खाटेवर बसली होती, हातभर बांगड्या, डोक्यावर आरशांची ओढणी.

आच मोजली. आमची बरोबरीची. बाभूळ ठिणग्या उडवून थकला, नारळ स्थिर राहिला, आमच्या वड्याही स्थिर राहिल्या. राख झटकली, आमच्या वड्यांखाली इंगळ कुंकवासारखे लाल. एजंटनं टाय सैल केला. सेठ म्हणाले, "जवाईबुवा, मान गये. कोयसा तं एक नंबर हाय." जवाईबुवांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, इतका त्यांचा विजय झाला होता. आचाऱ्यानं मसाला लावलेल्या कोंबड्या आणायला आत पाऊल टाकलं.

आणि वारा फिरला.

आमच्या जाळीवरचा धूर सरळ माणसांवर आला. निळसर, मंद, शेणाच्या निखाऱ्यांचा धूर. तो वास आमच्याकडच्या माणसाला शिकवावा लागत नाही. गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यात, कणकेचे रोडगे भाजतात, देवळापुढे पंगत बसते, वांग्याची भाजी आणि वरण, तो हा वास. माझ्या शेजारच्या माणसानं नकळत चपला काढल्या. एका वेटरनं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. माझ्या तोंडाला वरणाचं पाणी सुटलं. ताई पुटपुटली, "बाई, भंडाऱ्याचा वास येऊन राह्यला." आणि लिंबाखालची याडी खाटेवरून उठली. तिनं ओढणी कपाळापर्यंत पुढं ओढली, दोन्ही हात जोडले आणि लेकाला विचारलं, "भोग छ कांई?"

भोग म्हणजे तांड्यावरचा नैवेद्य. शेणाच्या निखाऱ्यावर तूप-गूळ घालायचं आणि धूर देवाकडे जाऊ द्यायचा. याडीनं कोणाच्या उत्तराची वाट पाहिली नाही. ती जाळीपाशी आली, बाजूच्या टेबलावरची लोण्याची वाटी उचलली, त्यातलं थोडं निखाऱ्यावर सोडलं आणि डोळे मिटून उभी राहिली. तेवढ्यात आतून आचारी दोन्ही हातांत लालभडक कोंबड्या धरून आला. याडीनं डोळे उघडले. तिनं त्याच्याकडे जे पाहिलं, त्यानं आचारी कोंबड्यांसकट उलट्या पावली आत गेला आणि मी निघेपर्यंत बाहेर आला नाही.

सेठनी जवाईबुवांचा हात धरला आणि त्यांना बाजूला नेलं. "जवाईबुवा, कोयसा भारी हाय, आईशप्पथ. पन याच्यावर कोंबडी ठेवली तं याडी मले घरात घेनार नाही. अन् तिचं जाऊ द्या, मलेच ठेवल्या जानार नाही. वास पाहा ना तुमी."

जवाईबुवांनी वास पाहिला. मी शपथेवर सांगतो, त्या दिवशी त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा आपल्या मालाचा वास पाहिला. नाकपुड्या फुगल्या, बसल्या, परत फुगल्या. सेठनी मग नारळाच्या जाळीकडे बोट दाखवलं आणि एजंटनं टाय परत घट्ट केला.

परतताना ताईला बसमध्ये बसवलं आणि स्कूटर मी चालवली. लोहारा आला. मला राहवलं नाही, मी विचारलं, "जवाईबुवा, काय ग्रेड?"

"आपल्या मालाची ग्रेड आपन काढू नाही," ते म्हणाले. "तुले किती डाव सांगलं."

महिना संपायच्या आत ते दोघं पुण्याला निघाले. शेडला कुलूप, किल्ली माझ्याकडे, आणि आत उरलेल्या वड्यांची पोती. निघताना गाव गाडीपाशी जमलं होतं, जवायाची पाठवणी म्हणून टॉवेल-टोपी, नारळ. जवाईबुवांनी नारळ हातात घेतला, उलटासुलटा पाहिला आणि माझ्याकडे देत म्हणाले, "करवंटी जाळजो नोको." ताई रडत होती, पण तिच्या अंगावर एकही काळा डाग नसलेली साडी होती आणि ती त्या साडीकडे मधूनमधून पाहत होती.

पुण्याच्या फ्लॅटमध्ये इस्तव नाही. गॅसही नाही, काचेची शेगडी आहे, तिच्यावर भांडं ठेवलं की तापतं. "आगच नाही," जवाईबुवांनी पहिल्या फोनवर सांगितलं. "भांडं नुसतं रागानं गरम होते." सोसायटीत कोळसा पेटवायला बंदी. गच्चीवर कोणी बार्बेक्यू केलाच तर विजेवरचा. सगळं पुणे त्यांनी फालतूत काढलं, पण ताई म्हणते त्यात पहिल्यासारखा जोर नाही. बाल्कनीत बसतात, खाली गाड्या पाहतात, आणि कोणाच्या घरातून फोडणीचा वास आला तर उठून दारापर्यंत जातात.

इकडे त्या पोत्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. गावच्या भंडाऱ्याला गोवऱ्या कमी पडल्या तेव्हा मी एक पोतं नेऊन टाकलं. रोडगे भाजायला आच मंद लागते, एकसारखी लागते आणि वास तर तोच लागतो. आचारी म्हणाला, भाऊ, हे कोठून आनलं? करपत नाही, कच्चं राहत नाही. तेव्हापासून बाभुळगावात रोडगे जवाईबुवांच्या वड्यांवरच होतात, आणि आता पोती संपत आली तशी गावानं कुलपाची किल्ली माझ्याकडून मागून घेतली. लोहाऱ्यात परत ड्रम पेटतो आहे. हे मी त्यांना बरेच दिवस सांगितलं नाही. कोंबडीसाठी जन्मलेला कोळसा वांग्याच्या भाजीला लागला हे ऐकून त्यांना पुण्यात काही झालं असतं, तर ताईनं मला सोडलं नसतं.

पण ताईच्या पोटात काही राहत नाही. गेल्या भंडाऱ्याला, पंगत बसायच्या आधी, माझ्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर जवाईबुवांचं तोंड. वाळलं होतं थोडं. "दाखव," एवढंच म्हणाले.

मी फोन इंगळांवर धरला. त्यांनी तिथूनच हुकूम सुरू केले. "राख झटक. अजून. वारं उगवतीकडून हाय, आड उभा काहून राह्यला, भैताडा. हं. रंग ठीक हाय." मग त्यांनी पडद्याजवळ तोंड आणलं, इतकं जवळ की नुसतं नाकच दिसू लागलं. ते नाक फुगलं. बसलं. परत फुगलं. पंगतीतली माणसं माझ्या खांद्यावरून वाकून त्या नाकाकडे पाहत होती आणि कोणी हसलं नाही.

"वास येत नाही बावा," नाक म्हणालं.

मी फोन आणखी खाली धरला.

"तू हुंग," ते म्हणाले. "अन् ग्रेड सांग."

"मी?"

"आपल्या मालाची आपन काढू नाही. तू सांग."

मी फोन बाजूच्या माणसाच्या हातात दिला, चष्मा काढून खिशात ठेवला, गुडघ्यावर बसलो आणि निखाऱ्याच्या इतकं जवळ नाक नेलं की मिशीचं एक टोक जळालं. शेण, पऱ्हाटी, कणीक, लहानपण, काय काय होतं त्यात. डोळ्यांतून पाणी आलं, ते धुराचं.

"चालते," मी म्हणालो.

मी फोन परत घेतला, तर पडद्यावर नाक तसंच फुगलेलं. मला वाटलं रेंज गेली.

"चष्मा काढला होता काय?"

"काढला होता."

"मंग ठीक हाय," जवाईबुवा म्हणाले, आणि फोन ठेवला.